मुंगीताई आणि कडकड्या

या बाईने आजवर हजारो माणसांना सुई टोचली, तरी तिच्याविषयी वाकडं बोलणारा एक माणूस शोधून सापडायचा नाही. नाहीतर माणसाला नुसता शब्द टोचला तरी दोन-दोन पिढ्या बोलणं बंद होतं.

तिचं काम रक्ताचं. दचकू नका. रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये ती नोकरीला होती आणि रोज पहाटे साडेपाचला बाहेर पडून घरोघरी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या रक्ताचे नमुने गोळा करायची. खांद्याला बर्फाचा डबा, डब्यात रंगीत बुचांच्या नळ्या, कापूस, स्पिरिट. पेशंटच्या दंडाला पट्टा बांधायचा, कोपराच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवायची, डोळे मिटायचे. घाई अजिबात नाही. शीर सापडली की म्हणायचं, "थोडंसं टोचेल हं," आणि पेशंटने "कधी?" म्हणून विचारेपर्यंत वर कापूस लागलेला असायचा. मुंगी चावावी तेवढंच. म्हणून सगळ्या भागात तिचं नाव मुंगीताई. खरं नाव ओळखपत्रावर होतं आणि ओळखपत्र डब्याच्या तळाशी.

तिच्या फेरीतले सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे हेडमास्तर. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी जिभेवरची छडी खाली ठेवली नव्हती. गुडघे गेलेले, जिना उतरणं बंद. रक्त पातळ करायची गोळी चालू, आणि ती किती घ्यायची हे दर सोमवारच्या तपासणीवर ठरायचं. पण शिरा अशा पळपुट्या की सुई दिसली की दडी मारायच्या. मुंगीताई एकदा आजारी असताना दुसऱ्याच एकाने पाच ठिकाणी टोचून पाहिलं. सहाव्यांदा मास्तरांनी त्याला दार दाखवलं आणि जाहीर केलं, "मुंगी आली तर हात देईन. नाहीतर गोळी अंदाजपंचे घेईन." मास्तरीणबाई त्या दिवशी डोळे पुसत होत्या. अंदाजपंचे गोळी म्हणजे काय, ते त्यांना डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलेलं होतं.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना पलीकडच्या भागात फेरीला जाणाऱ्या उंचताईचा फोन एका माणसाने पहाटे जिन्यात हिसकावला. वर ढकललंही. फोन गेला, कोपर फुटलं आणि लॅबमधून फेरीला जाणाऱ्या चारही बायका जिन्यात शिरताना मागे वळून बघू लागल्या.

लॅबच्या मालकीण डॉक्टरबाई. बाई हुशार, मनाने चांगली, पण रिपोर्ट हातात आल्याशिवाय स्वतःच्या तापावरही विश्वास न ठेवणारी. त्यांनी मंगळवारी सगळ्यांना बोलावलं. टेबलापाशी गळ्यात टाय बांधलेला एक गृहस्थ बसला होता. त्याने खिशातून दाढीच्या यंत्राएवढं काळं डबडं काढलं, बटण दाबलं, आणि कडकडकड! टोकाच्या दोन खुंट्यांमध्ये निळी ठिणगी नाचली. उंचताई खुर्चीसकट मागे सरकली.

"स्टनगन!" यंत्रवाला म्हणाला. "पन्नास लाख व्होल्ट! नुसता स्पर्श, आणि कसलाही पैलवान आडवा. कोट असो, कांबळं असो, आरपार!"

बायकांचे डोळे चमकले. मुंगीताईचे सगळ्यात जास्त. आयुष्यभर जिने हळूच टोचलं, तिच्या हातात कोणी पन्नास लाख दिले तर काय होणार? तिने तिथल्या तिथे त्याचं बारसं केलं: कडकड्या.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "शनिवारी चाचणी. तोवर सरावाला प्रत्येकीने एकेक डबडं घरी न्या. हे गृहस्थ स्वतः हल्लेखोर होतील. जिला यांना पाडता येईल ती फेरीवर जाईल. जिला येणार नाही ती सोमवारपासून काउंटरवर. मला माझी माणसं धडधाकट हवीत."

काउंटर! म्हणजे दिवसभर काचेआड बसून "पुढचे या" म्हणायचं. आणि मास्तर?

संध्याकाळी मुंगीताई घरी आली ती वाऱ्यासारखी. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, सगळे त्याला मिस्त्री म्हणत, घरातसुद्धा. तो नुकताच कामावरून येऊन जाड कापसाचं जाकीट अंगात तसंच ठेवून चहा पीत होता.

"अहो, उभे राहा."

"का?"

"तुम्हाला आडवं करायचंय."

मिस्त्रीने कप खाली ठेवला. "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. आज आठवलं?"

तिने सगळं सांगितलं. पन्नास लाख ऐकून मिस्त्री इतका हसला की चहा नाकात गेला. "अगं, व्होल्ट म्हणजे लिफ्ट कितव्या मजल्यावर टांगलीय ते. खाली किती माणसं उतरली तो करंट. शंभराव्या मजल्यावरून लिफ्ट आली आणि आतून एक उंदीर निघाला, तर इमारत हादरेल का? आणि तो आकडा मोजला कोणी? डब्यावर छापायला शाई लागते, वीज लागत नाही."

"म्हणजे खोटं?"

"खोटं नाही. करून बघू. लाव इथे." त्याने छाती पुढे काढली.

तिने कडकड्या जाकिटावर टेकवला, डोळे मिटले, बटण दाबलं. आवाज असा की भांड्यांवरची झाकणं थरथरली. मिस्त्री जागच्या जागी उभा. "गुदगुल्यासुद्धा नाहीत. कापूस मध्ये आला ना. दोन्ही खुंट्या अंगाला भिडायला हव्यात. आता खरं बघू." त्याने जाकीट काढलं, सदऱ्याची बाही वर केली आणि दंड पुढे केला.

दंड दिसला आणि अठरा वर्षांच्या सवयीने घात केला. मुंगीताईने पर्समधून कापूस काढला, स्पिरिटमध्ये बुडवला, दंड स्वच्छ पुसला आणि कडकड्या जवळ नेला.

"अगं ए! थांब! थांब!" मिस्त्री ओट्यावर चढायचाच बाकी राहिला. "स्पिरिट लावून वर ठिणगी पाडतेस? जिवंत पेटवतेस का मला?"

"अगोबाई! सवय हो."

"नशीब, पट्टा नाही बांधलास."

पट्टा तिच्या दुसऱ्या हातात होता. तिने तो गुपचूप मागे लपवला.

दंड पाण्याने धुऊन, टॉवेलने खसाखसा पुसून, पंख्याखाली वाळवून झाला. दोघंही पुन्हा समोरासमोर. मुंगीताई म्हणाली, "थोडंसं टोचेल हं."

"चोरालाही सांगणार आहेस का हे?"

तिने टेकवला, दाबला आणि उचलला. सुई जितका वेळ आत असते तितकाच वेळ. पण मिस्त्रीच्या तोंडून "आई गं!" असं निघालं की शेजारणीने भिंतीवर थाप मारून विचारलं, "भांडण संपलं की आत्ता सुरू झालंय?" मिस्त्री उडाला, स्टूल पडलं, आणि त्या उडण्यातच त्याने मुंगीताईचं मनगट दोन्ही हातांनी गच्च पकडलं.

मग दोघंही त्या मनगटाकडे बघत राहिली.

"बघ," मिस्त्री दंड चोळत म्हणाला, आणि आता तो हसत नव्हता. "दुखलं. चांगलंच दुखलं. पण पडलो का? आणि तुझा हात कोणाच्या हातात आहे? हे लावायचं म्हणजे तुला माणसाच्या इतकं जवळ जावं लागणार, की त्यालाही तू हाताशी लागणार. धरून ठेवायला हवं चार-पाच सेकंद. तेवढ्यात तो झिंगलेला असला, चिडलेला असला, तर त्याला कळणारही नाही."

मुंगीताईला ते पटलं. पण हार मानणाऱ्यातली ती नव्हती. बुधवार, गुरुवार, शुक्रवार तिने सोफ्याच्या हातावर सराव केला. टेकवायचा, दाबायचा, पाचपर्यंत मोजायचं. हात सारखा दोनवरच उचलला जायचा. मिस्त्री ओरडायचा, "पाच! पाच! सोफ्याची दया करू नकोस!"

शनिवारी लॅबच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या भिंतीला लावल्या. यंत्रवाला फुगीर, रजईसारखा कोट घालून आला, "सुरक्षेसाठी" म्हणे. पहिली उंचताई. तो हात पसरून आला, तिने डोळे मिटून कडकड्या त्याच्या छातीत खुपसला, कडकड झाली, आणि यंत्रवाला "आ!" करून धाडकन जमिनीवर. टाळ्या! दुसरी गेली. पुन्हा धाडकन. तिसरीच्या वेळी तर त्याने पडता पडता कुंडीसुद्धा चुकवली. उंचताई आनंदाने नाचायचीच बाकी होती. "बघू दे आता तो जिन्यातला! येऊ दे!"

मुंगीताई मात्र टाळी वाजवायची विसरली. तिच्या डोक्यात मिस्त्रीचं जाकीट फिरत होतं. तसाच जाड कोट, तसाच आवाज. मग हा माणूस पडतो कसा?

"चला ताई, तुम्ही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

यंत्रवाला गुरगुरत आला. मुंगीताईने कडकड्या पुढे केला. पण कोट एवढा फुगीर की खालचं अंग कुठे आहे तेच कळेना. आणि जागा सापडल्याशिवाय टोचायचं हे तिच्या बापजन्मात झालं नव्हतं. तिने हलकेच इथे टेकवलं, तिथे टेकवलं, बरगडीची कड शोधली, आणि मन लावून डोळे मिटले.

"आ!" आणि धाडकन!

तिने डोळे उघडले. यंत्रवाला जमिनीवर हातपाय पसरून पडला होता.

"वा!" डॉक्टरबाईंनी कागदावर खूण केली. "चौघीही पास."

झालं, सुटली! सोमवार आपला, जिना आपला, मास्तरांचा हात आपला. फक्त तोंड बंद ठेवायचं. मुंगीताईने खाली पडलेल्या माणसाकडे पाहिलं. मग उंचताईकडे पाहिलं. तिच्या कोपरावर अजून पट्टी होती आणि तोंडावर लग्नघरातला आनंद.

"मॅडम," मुंगीताई म्हणाली, "मी बटण दाबलंच नाही अजून. जागा बघत होते."

यंत्रवाल्याने एक डोळा उघडला. परिस्थिती बघून पुन्हा मिटला.

"उठा," डॉक्टरबाई म्हणाल्या. तो उठला. "कोट काढा आणि दंड पुढे करा. ताई बटण दाबतील."

"अहो बाई!" तो दोन पावलं मागे. "दिवसाला चार ठिकाणी दाखवावं लागतं. प्रत्येक वेळी खरा झटका कोण खाईल? माझीही बायकापोरं आहेत."

"म्हणजे कोटातून लागत नाही?"

"तसं थोडं कमी लागतं."

"किती कमी?"

"अजिबात नाही," तो पुटपुटला आणि कोट काखोटीला मारून असा निघाला की दारात डबडं विसरल्याचंही त्याला कळलं नाही.

डॉक्टरबाईंचे कान लाल झाले होते. "म्हणजे हे यंत्र चालतच नाही!"

"चालतं मॅडम," मुंगीताई म्हणाली. "आमच्या ह्यांच्यावर करून पाहिलंय. उघड्या अंगावर किंवा पातळ कपड्यावर नीट टेकवून चार-पाच सेकंद धरलं तर चांगलंच लागतं. पण पाच सेकंद गप्प उभा राहणारा गुंड कुठे मिळतो? माझे पेशंटसुद्धा राहत नाहीत."

"मग संपलं. सोमवारपासून फेऱ्या बंद. चौघींच्याही." डॉक्टरबाईंनी कागद फाडला आणि केबिनचं दार लावून घेतलं.

उंचताई कंबरेवर हात ठेवून उभी. "झालं समाधान? गप्प बसली असतीस तर तुझं काय गेलं असतं गं?"

"माझं काही नाही. तू मात्र याच्या भरवशावर जिन्यात थांबली असतीस, पळायचं सोडून."

उंचताई कोपरावरची पट्टी चाचपत पाणी प्यायला गेली.

आता सगळ्यात वाईट काम. मुंगीताईने हेडमास्तरांना फोन लावला आणि सोमवारी येत नाही म्हणून सांगितलं. कारणही सांगितलं. पलीकडून तोफ सुटली.

"मूर्ख! तू नव्हे, ती तुझी डॉक्टर! अगं, तपासणीच्या दिवशी उपाशीपोटी बसलेला म्हातारा पाच वाजल्यापासून काय करतो, माहीत आहे का तिला?"

"काय करतो?"

"खिडकीत बसतो! चहा नाही, बिस्कीट नाही. करणार काय? तुझी वाट बघतो आणि समोरच्या घरात काय चाललंय ते बघतो. समोरचाही हेच करतो. रक्तातली साखर तपासून घेणाऱ्या त्या कोपऱ्यावरच्या साखरवाल्या आजीला विचार, गेल्या सोमवारी दूधवाला किती वाजता आला, मिनिटासकट सांगेल."

मुंगीताई एकदम किंचाळली, "मास्तर! तुमचे सगळ्यांचे फोन नंबर आहेत माझ्याकडे!"

पुढचे चोवीस तास त्या भागातल्या म्हाताऱ्यांनी जे केलं ते तरुणांना जमलं नसतं. रविवारी संध्याकाळपर्यंत अकरा घरं जोडली गेली. ठरलं असं: मुंगीताई एका घरातून निघाली की त्या घराने पुढच्या घराला फोन करायचा, "निघाली." पुढच्याने खिडकीत उभं राहायचं, जिन्यातला दिवा लावायचा, धडधाकट कोणी असेल त्याने खाली येऊन दार उघडून थांबायचं. आणि वाटेत काही वावगं दिसलं तर गप्प बसायचं नाही. ही शेवटची अट कोणालाच जड नव्हती. भांडणं मात्र झाली. दम्याचे आजोबा शिट्टी मागत होते. त्यांना फुंकर पुरायची नाही म्हणून पत्र्याचा डबा आणि लाटणं दिलं, तर ते दिवसभर रुसले.

मुंगीताईने डॉक्टरबाईंना घरी फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "एक दिवस. उद्या फक्त तुम्ही जा. मी बघते आणि ठरवते."

बघते म्हणजे काय, ते मुंगीताईने विचारलं नाही.

सोमवारी सकाळी सहाला उजाडायला लागलं होतं. साखरवाल्या आजींचा नमुना घेऊन मुंगीताई बाहेर पडली. मागे आजींचा आवाज आलाच, "निघाली हो!" ती मास्तरांच्या इमारतीकडे वळली आणि तिला मागे पावलं ऐकू आली.

ती थांबली. पावलं थांबली.

ती चालू लागली. पावलं चालू लागली.

हात आपसूक खिशात गेला. कडकड्या होता. बोट बटणावर गेलं. क्षणभर वाटलं, वळावं, टेकवावं, पाचपर्यंत मोजावं. मग मिस्त्रीच्या हातातलं स्वतःचं मनगट डोळ्यांसमोर आलं आणि तिने बोट सोडलं. डबा छातीशी धरला आणि बावन्न वर्षांची ती बाई अशी धावली की नळ्या आत पैंजणासारख्या वाजल्या.

"मास्तर! मागे कोणीतरी आहे!"

आणि गल्ली फुटली! आजी खिडकीतून ओरडल्या, "टोपीवाला! तोंड झाकलंय! पकडा!" दम्याच्या आजोबांनी पत्र्याचा डबा असा बडवला की कबुतरं उडाली. सात खिडक्या उघडल्या, पाच दिवे लागले, तळमजल्यावरचा जाडा पेन्शनर पायजम्याची नाडी बांधत काठी घेऊन बाहेर आला. "कोण आहे रे? तिथेच थांब!" टोपीवाला गोंधळून नेमका तिसऱ्या मजल्याच्या खिडकीखाली थांबला आणि मास्तरीणबाईंनी बादली उपडी केली.

धोऽऽ!

"अहो, मी आहे! मी आहे!" टोपी खाली आली, तोंडावरचा मास्क गळून पडला. आत डॉक्टरबाई. चष्म्यावरून पाणी ठिबकत होतं.

"मॅडम! तुम्ही!" मुंगीताई धापा टाकत जवळ आली. "सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर चाचणी कसली?" डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पहिली शिंक दिली. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ पुसलं, डोळे बारीक करून पाहिलं. "तुम्ही ओरडल्यापासून बादलीपर्यंत वीस सेकंद. त्यात माझ्यावर नजर नऊ माणसांची. आणि तुम्ही मला हाताला लागलातही नाहीत." दुसरी शिंक. त्या चक्क हसत होत्या. "चालू करा फेऱ्या. उंचताईच्या भागातही हेच बसवा. तिच्याबरोबर आठवडाभर तुम्ही जा आणि शिकवा."

"आणि कडकड्या?"

"राहू दे खिशात. पळायला वाटच नसेल तेव्हासाठी. पण आधी ओरडायचं, आधी पळायचं."

"बाई," वरून मास्तरीणबाई म्हणाल्या, "टॉवेल देते, वर या. माफी मात्र मागणार नाही. तोंड झाकून बायामाणसांच्या मागे फिरायचं वय आहे का तुमचं?"

खालचा पेन्शनर इतका हसला की काठी हातातून पडली. आजोबा डबा बडवायचे थांबेनात. कोणीतरी जाऊन लाटणं काढून घ्यावं लागलं.

"मुंगे!" तिसऱ्या मजल्यावरून मास्तर गरजले. "तमाशा झाला असेल तर वर ये. सव्वासहा झाले, मी अजून चहाविना आहे!"

मुंगीताई दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. मागून डॉक्टरबाई, ओल्या चपलांचा पचपच आवाज करत. मास्तरांनी बाही आधीच वर करून ठेवली होती. मुंगीताईने पट्टा बांधला, दोन बोटं ठेवली, पण पळून लागलेली धाप अजून उतरली नव्हती. ती थांबली. कोणीही घाई केली नाही. डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या डॉक्टरबाईंनी डब्यातून नळी काढून तिच्या हाताशी धरली आणि मास्तरीणबाईंनी गॅस पेटवून चहाचं आधण चढवलं.